डिझायर की अमेझ? आठ वर्षांचा खर्च वहीत कसा मांडायचा

२०२४ च्या जन्माष्टमीच्या पावसात बडोद्यात विश्वामित्री नदी फुगली आणि बघता बघता कारेलीबागेत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये छातीएवढं पाणी. दहा वर्षं वापरलेली सेडान त्यात गेली. इंजिन कसं गेलं तो माझाच गाढवपणा, इन्शुरन्सच्या भागात सांगतो. त्यानंतर वर्षभर रिक्षा, स्कूटर आणि अडीअडचणीला मेहुण्याची गाडी असं चाललं. मग २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी उतरला तेव्हा घरात नवीन गाडीचा विषय निघाला आणि शेवटी दोन नावं उरली, मारुती डिझायर आणि होंडा अमेझ. दोन्ही चार मीटरच्या आतल्या, दोन्हींना बाराशे सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन, दोन्हींना बऱ्यापैकी डिकी. आता यातली स्वस्त कुठली, एवढा साधा प्रश्न.

मग सल्ले सुरू. दांडिया बाजारातले काका म्हणाले, "मारुतीच घे रे, दहा वर्षांनी पण दारात येऊन घेऊन जातात." ऑफिसातला मित्र म्हणाला इंजिन होंडाचं, पण सर्व्हिस महाग पडेल हं. शोरूमवाला म्हणाला, "साहेब, एवरेजनी चिंता ज नथी." आकडा मात्र एकाकडेही नाही. शेवटी मुलीची अर्धी कोरी राहिलेली दोनशे पानी वही घेतली आणि रोज रात्री थोडं थोडं करत दोन आठवड्यांत हिशेब काढला. पहिल्यांदा गाडी घेताय, किंवा दोन गाड्यांमध्ये अडकलात, तर तीच रीत खाली देतोय. माझे आकडे माझे आहेत, तुमचे तुम्ही भरा. सिटी आणि व्हर्ना असली तरी रीत तीच, फक्त त्या चार मीटरच्या वरच्या म्हणून त्यांना जीएसटी ४० टक्के आणि या छोट्यांना १८, हा फरक आधी डोक्यात घ्या.

१. आधी वर्षं आणि किलोमीटर, गाडी नंतर

किती वर्षं ठेवणार आणि वर्षाला किती फिरणार, हे दोन आकडे नसतील तर पुढचं सगळं हवेत. आणि इथेच सगळे थापा मारतात, दुसऱ्याला नाही, स्वतःला. मला कोणीही विचारलं असतं तर मी छातीठोक सांगितलं असतं की माझं वर्षाचं पंधरा हजार किलोमीटर तरी होतं. ऑफिस मकरपुऱ्याला, वर्षातून दोनदा पुणं, अधूनमधून अहमदाबाद, पावागढ, डाकोर. जुन्या गाडीची सर्व्हिसची फाइल काढली, शेवटच्या बिलावर मीटर १,०४,००० आणि गाडी दहा वर्षांची. म्हणजे वर्षाला १०,४००. पंधरा हजार धरले असते तर पेट्रोलचा अख्खा हिशेब दीडपटीच्या जवळ चुकला असता.

पहिलीच गाडी असेल आणि जुनं मीटर नसेल तर महिनाभर रोजचं जाणं-येणं लिहा, त्याला बाराने गुणा आणि वरून बाहेरगावच्या फेऱ्या घाला. अंदाजाने कधीही बोलू नका, अंदाज नेहमी ऐटीत असतो.

वर्षं मी आठ धरली. तुम्ही दर चार वर्षांनी बदलणारे असाल तर चार धरा, पण मग उत्तर वेगळं येईल, कारण पहिल्या तीन-चार वर्षांत किंमत सगळ्यात जोरात पडते.

२. हाताशी काय काय ठेवायचं

दोन्ही गाड्यांची लेखी कोटेशनं, एकेक ओळ सुटी दाखवणारी. तोंडी सांगितलेला "फायनल भाव" कोटेशन नाही. ज्या दोन व्हेरियंटची तुलना करताय त्यांच्या फीचरची यादी, नाहीतर एकीचं मधलं मॉडेल आणि दुसरीचं टॉप असा हिशेब होतो आणि मग दोन लाखांचा फरक बघून माणूस हबकतो. मी दोन्हींची मॅन्युअल गिअरची, मधल्या-वरच्या पायरीची मॉडेलं घेतली. जुन्या गाडीची इन्शुरन्स पॉलिसी आणि सर्व्हिसची बिलं. बँकेचा व्याजदर लिहिलेला कागद. आणि एक वही, मोबाइलमधली शीट चालेल पण घरच्यांसमोर वही ठेवली की लोक वाद घालायला बसतात आणि तेच आपल्याला हवं असतं.

पुढे पासिंग आणि लोनला आधार, पॅन, लाइट बिल, फोटो, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगारदार असाल तर सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ लागेल, ते आत्ताच एका पाकिटात घालून ठेवा.

३. कोटेशन फाडून बघा

ऑन-रोड म्हणजे एक्स-शोरूम, रोड टॅक्स, इन्शुरन्स, रजिस्ट्रेशन आणि मग "इतर". गुजरातमध्ये खासगी गाडीला रोड टॅक्स साधारण ६ टक्के, त्यात कोणी जादू करू शकत नाही, दोन्हींना सारखाच. जादू "इतर" मध्ये असते. माझ्या एका कोटेशनात हँडलिंग चार्ज, एसेन्शियल किट, बॉडी कोटिंग अशा तीन ओळी मिळून एकवीस हजार होते. हँडलिंग कशाचं विचारलं तर तो मॅनेजरकडे गेला, मॅनेजर चहा घेऊन आला आणि ती ओळ गेली. मॅट आणि सीट कव्हर बाहेरून कमी पैशात होतात.

एक सापळा वर्षअखेरचा. डिसेंबरात मोठी सूट मिळते, पण तेव्हाची गाडी जानेवारीत पासिंग केली तरी बनल्याचं वर्ष जुनंच राहतं आणि विकताना समोरचा तेच बघतो. सूट चांगली असेल आणि आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर खुशाल घ्या, चार वर्षांत विकायची असेल तर सूट त्या फरकाएवढी आहे का बघा. चेसिस नंबरवरून कुठल्या महिन्यातली गाडी आहे ते पैसे भरायच्या आधी विचारून घ्या.

माझे आकडे गोल करून: डिझायर ९,१०,०००, अमेझ ९,५०,०००. पहिला इन्शुरन्स यात आलेला आहे, तो पुढे परत मोजू नका, मी पहिल्या रात्री नेमकं तेच केलं होतं.

४. पेट्रोल: कंपनीचा ॲव्हरेज बाजूला ठेवा

कंपनीचे आकडे मॅन्युअलला डिझायर २४.७९ आणि अमेझ १८.६५. हे प्रयोगशाळेतले, रावपुऱ्यातून मांडवीला संध्याकाळी सातला गाडी काढून काढलेले नाहीत. डिझायरच्या नव्या इंजिनाला तीन सिलिंडर, अमेझला चार, त्यामुळे फरक राहणार हे खरं, पण किती?

त्यासाठी ज्यांच्याकडे ती गाडी आहे त्यांना गाठा आणि "किती देते" विचारू नका, टाकी फुल ते टाकी फुल मोजायला लावा. पंपावर ऑटो कट झालं की थांबायचं, मीटर शून्य, परत भरताना त्याच पंपावर तसंच ऑटो कट, किलोमीटर भागिले लिटर. एकदा नाही, तीनदा. कट झाल्यावर "साहेब, राउंड फिगर करू?" म्हणतात त्याला नाही म्हणायचं, त्यात मोजणी बिघडते. डॅशबोर्डवर दिसणारा ॲव्हरेज थोडा खुशामती असतो, त्यावर विश्वास ठेवू नका. मेहुण्याची डिझायर आणि ऑफिसातल्या एकाची अमेझ, दोघेही शहरातच जास्त फिरणारे, एसी लावून. आकडे आले १८ आणि साडेचौदा.

आता गुणाकार. १०,४०० भागिले १८ म्हणजे ५७८ लिटर, भागिले १४.५ म्हणजे ७१७ लिटर. बडोद्यात पेट्रोल लिटरला ९५ धरलं तर वर्षाला ५४,९०० विरुद्ध ६८,१००. वर्षाला साधारण सव्वातेरा हजार, आठ वर्षांत एक लाख सहा हजार. पेट्रोलचा भाव वाढेल, पण दोन्हींना वाढेल, म्हणून मी तो आहे तसाच ठेवला.

सीएनजीचं थोडक्यात, कारण बडोद्यात हा प्रश्न येणारच. डिझायरमध्ये कंपनीचंच सीएनजी मिळतं. समजा वरचे पैसे नव्वद हजार, किलोला ८५ आणि किलोत २६ किलोमीटर, तर किलोमीटरमागे दोन रुपये वाचतात आणि नव्वद हजार वसूल व्हायला पंचेचाळीस हजार किलोमीटर लागतात, म्हणजे माझ्या चालीने चार वर्षं आणि वर काही महिने. पुढची साडेतीन वर्षं फायदाच. पण डिकी सिलिंडर खाऊन टाकतो, दर तीन वर्षांनी सिलिंडरची टेस्टिंग, आणि आमच्याकडे पुण्याला जाताना डिकीत लोणच्याच्या बरण्यांपासून सगळं असतं. मी सोडलं. तुमचं रोजचं साठ-सत्तर किलोमीटर असेल तर सोडू नका.

५. इन्शुरन्स, आणि बडोद्याचं पाणी

थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीच्या विम्याचा, दर सरकारी असतो, इंजिनाच्या सीसीवर. १००० ते १५०० सीसीला वर्षाला ३,४१६, नवीन गाडीला तीन वर्षांचं एकदम १०,६४०, वर १८ टक्के जीएसटी. जून २०२२ पासूनचे हे दर. आपल्या दोन्ही गाड्या, ११९७ आणि ११९९ सीसी, एकाच खान्यात, म्हणजे इथे फरक शून्य. फरक येतो तो स्वतःच्या नुकसानीच्या भागात, आणि तो गाडीच्या आयडीव्हीवर, म्हणजे विमा कंपनी तुमच्या गाडीची किंमत किती मानते त्यावर. आयडीव्ही नियमाने उतरत जाते: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, पाचपर्यंत ५०. कोणी खूप स्वस्त प्रीमियम दाखवला तर आधी आयडीव्हीची ओळ बघा, बहुतेक वेळा तिथेच कापलेलं असतं.

डीलरकडूनच इन्शुरन्स घ्यायची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन काढून त्याच्या टेबलावर ठेवा, बऱ्याचदा तोच कमी करतो.

एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याचं बक्षीस, पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५, ५०. हे माणसाचं असतं, गाडीचं नाही. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून एनसीबीचं पत्र घेतलं की ते तीन वर्षांत नवीन गाडीला लावता येतं. पॉलिसी संपून नव्वद दिवस झाले की एनसीबी गेलं. दोन-तीन हजाराच्या ओरखड्यासाठी क्लेम करून ५० टक्के घालवणारे लोक मी बघितलेत, आणि माझे वडील त्यातले एक आहेत.

आता माझा गाढवपणा. पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी दार उघडलं, सीटखाली चिखल, कार्पेट पिळता येईल इतकं ओलं, दाराच्या कप्प्यात एक मेलेला बेडूक. मिस्त्रीला फोन लावला होता, तो येतो म्हणाला होता. पण हात राहतो का, किल्ली घातली आणि फिरवली. एकदाच 'खट्' असा आवाज आला आणि परत काही नाही. इंजिनात पाणी गेलेलं असताना स्टार्ट केलं की पिस्टन पाण्यावर आपटतो, हवा दाबली जाते तसं पाणी दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सर्व्हेअर आला, त्याने पुरात भिजलेल्या वायरिंगला, सीटांना मान्यता दिली आणि इंजिनाला नाही. साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत पुराचं नुकसान येतं, पण नंतर स्टार्ट करून झालेलं इंजिनाचं नुकसान येत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर लागतं. ते माझ्याकडे होतं, चौथ्या वर्षी हजार-दीड हजार वाचवायला मीच काढून टाकलं होतं, आणि गाडी जुनी झाल्यावर परत मागितलं तर कोणी देईना. इंजिनाचा अंदाज एक लाख तीस हजार. गाडी आहे तशी भंगारातच दिल्यासारखी दिली आणि क्लेम घेतल्यामुळे एनसीबी पण गेलं.

म्हणून समा, फतेगंज, कारेलीबाग, अकोटा, नदीच्या जवळपास कुठेही राहत असाल, किंवा पावसाळ्यात अलकापुरीच्या गरनाळ्यातून, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्यातून, जायची सवय असेल, तर इंजिन प्रोटेक्ट पहिल्या दिवसापासून घ्या आणि मध्ये कधीही तोडू नका. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापता पार्टची किंमत देणारं कव्हर, पहिली पाच वर्षं, कारण क्लेममध्ये रबर-प्लॅस्टिकच्या पार्टची निम्मी किंमत एरवी आपल्यावर येते आणि आजकाल अख्खा बंपर प्लॅस्टिकचा आहे. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर किल्लीला हात लावू नका, बॅटरीची वायर काढा, ढकलून बाहेर घ्या, टोइंग बोलवा.

दुसऱ्या वर्षापासून आठव्यापर्यंत, सात रिन्यूअलची माझी बेरीज: डिझायर १,१०,०००, अमेझ १,१५,०००.

६. सर्व्हिस, जिच्यावर सगळे भांडतात

दोन्हींची सर्व्हिस साधारण वर्षाला किंवा दहा हजार किलोमीटरला, जे आधी येईल ते. दोन्हींत टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायचा खर्च नाही. शोरूमला नाही, सर्व्हिस सेंटरच्या काउंटरला जाऊन विचारा, दहा, वीस, तीस, चाळीस हजारच्या सर्व्हिसचं बिल किती होतं, सेल्सवाल्याला हे खरंच माहीत नसतं. "पहिल्या तीन सर्व्हिस फ्री" मध्ये फक्त मजुरी फ्री असते, ऑइल आणि फिल्टरचे पैसे लागतात.

खरे पैसे जातात ते बिलातल्या अलंकारांत. इंजिन डिकार्बनायझिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, इंजिन ड्रेसिंग, पेट्रोलमधलं ॲडिटिव्ह. गाडी देताना जॉब कार्डवर सही करायच्या आधी मोठ्याने म्हणा, "कंपनीच्या शेड्यूलमधलं तेवढंच करा, बाकी फोन करून विचारा." गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात शेड्यूलचं पान असतं, त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. ऑटोमॅटिक घेणार असाल तर अमेझमध्ये सीव्हीटी आहे आणि डिझायरमध्ये एएमटी. सीव्हीटीचं चालणं लोण्यासारखं, पण तिचं ऑइल वेगळं आणि महाग, आणि वॉरंटी संपल्यावर बिघडली तर बिल मोठं. मी मॅन्युअलवर थांबलो, पायांना अजून तक्रार नाही.

वॉरंटी मारुतीची ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर, पैसे भरून ६ वर्षं किंवा १,६०,००० पर्यंत. होंडाची ३ वर्षं, किलोमीटरची मर्यादा नाही, वाढवून ७ वर्षांपर्यंत. वर्षाला तीस हजार फिरणाऱ्याला होंडाची ही अट मोलाची आहे, माझ्यासारख्याला कागदावरच.

माझी आठ वर्षांची सर्व्हिस: डिझायर ६२,०००, अमेझ ७२,०००. टायरचा एक सेट आणि दोन बॅटऱ्या मिळून दोन्हींना ३८,००० सारखेच धरले. म्हणजे ज्या 'होंडाची सर्व्हिस महाग' वरून गेले महिनाभर काका आणि ऑफिसवाले मला अडवत होते ती आठ वर्षांत दहा हजाराने महाग. महिन्याला शंभर रुपये. दोन प्लेट सेव-उसळ, पाव जास्तीचा धरून.

७. विकताना काय येईल

हा आकडा कोणालाच पक्का माहीत नसतो आणि सगळ्यात मोठा हाच. रीत अशी: आज आठ वर्षं जुन्या असलेल्या दोन्ही गाड्यांच्या, बडोदा-अहमदाबादकडच्या, साधारण सारख्या किलोमीटरच्या दहा-दहा जाहिराती बघा. सगळ्यात वरच्या दोन आणि खालच्या दोन उडवा, मधल्यांची सरासरी घ्या, त्यातून दहा टक्के काढा कारण जाहिरातीचा भाव आणि हातात येणारा भाव यात तेवढं तरी अंतर असतं. मग त्या गाडीची तेव्हाची नवी किंमत शोधा, आजची नाही. जीएसटी उतरल्यापासून नवीन गाड्याच स्वस्त झाल्यात आणि जुन्यांचे भाव त्यामागे खाली आलेत, आजच्या किमतीशी भागलं तर टक्का चुकीचा येईल. जे टक्के येतील ते तुमच्या कोटेशनला लावा.

डिझायरच्या जाहिराती बघताना टॅक्सीत चाललेल्या गाड्या वगळा, त्या भाव खाली ओढतात.

माझा अंदाज आला डिझायर ३,६०,०००, अमेझ ३,२०,०००. भाव टिकवायचा असेल तर सर्व्हिसची सगळी बिलं फाइलला लावा, दोन्ही किल्ल्या सांभाळा आणि लोन फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा लगेच उतरवा. विकताना फॉर्म २९ आणि ३०. आणि गाडी समोरच्याच्या नावावर चढली का ते स्वतः तपासा, नाहीतर त्याची मेमो, म्हणजे दंडाचं चलन, तुमच्या घरी.

इथे बडोद्यातल्या मराठी घरांसाठी एक वेगळी गोष्ट, कारण निम्म्या घरांतली मुलं पुण्यात आहेत. "बडोद्यात घेऊ, टॅक्स कमी आहे, मग पुण्याला नेऊ" हे ऐकायला बरं वाटतं. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात टॅक्स ११ टक्के आहे. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर गाडी ठेवली तर तिथलं रजिस्ट्रेशन करायला लागतं, इथून फॉर्म २८ ची एनओसी, तिथे टॅक्स, आणि इथल्या उरलेल्या टॅक्सचा परतावा मागत फिरायचं. वापर पुण्यात होणार असेल तर पुण्यातच घ्या. मुलाच्या कंपनीची चार राज्यांत ऑफिसं असतील तर त्याला बीएच नंबर, म्हणजे राज्य बदललं तरी चालणारा भारत सिरीजचा नंबर, मिळतो का ते विचारा, त्यात दर दोन वर्षांनी टॅक्स भरायचा असतो.

८. लोन, गाडीपेक्षा वेगळं बघा

दोन्ही गाड्यांना मी सारखंच सात लाखाचं लोन धरलं, वरचे खिशातून, म्हणून तुलनेत लोनचा फरक नाही. पण ही ओळ बघा: नऊ टक्क्याने सात लाख, पाच वर्षांत फेडले तर हप्ता १४,५३० आणि व्याज १,७२,०००. सात वर्षांत फेडले तर हप्ता ११,२६० आणि व्याज २,४६,०००. हप्ता गोड दिसतो आणि ७४ हजार जास्त जातात. ज्या माणसाने सर्व्हिसच्या दहा हजारासाठी महिनाभर डोकं खाल्लं तोच माणूस सात वर्षांचं लोन डोळे झाकून घेतो.

"फ्लॅट साडेपाच टक्के" म्हणाले तर उठा, ते घटत्या शिलकीवर दहाच्या आसपास जातं. मुदतीआधी फेडलं तर दंड किती, हे लेखी घ्या.

९. बेरीज

टोल, पार्किंग, धुलाई, पीयूसी, फास्टॅगचा वर्षाचा पास, हे दोन्हींना सारखं, तुलनेतून काढून टाका. घरखर्चाच्या बजेटमध्ये मात्र घाला.

डिझायर: किंमत वजा विक्री ५,५०,०००, पेट्रोल ४,३९,०००, इन्शुरन्स १,१०,०००, सर्व्हिस ६२,०००, टायर-बॅटरी ३८,०००. एकूण ११,९९,०००.

अमेझ: ६,३०,०००, ५,४५,०००, १,१५,०००, ७२,०००, ३८,०००. एकूण १४,००,०००.

८३,२०० किलोमीटरला भागलं तर किलोमीटरला १४.४१ आणि १६.८३. फरक दोन लाख एक हजाराचा, महिन्याला दोन हजार शंभर. यातले एक लाख सहा हजार पेट्रोलचे, ऐंशी हजार विकण्याच्या भावाचे, बाकी किरकोळ.

आणि डिझायरमध्ये सगळ्यात मोठी ओळ पेट्रोलची नाही, किंमत पडण्याची आहे. हे बघून मी आठाची दहा वर्षं करून परत मांडलं तर किलोमीटरचा भाव दोन्हीकडे उतरला.

आता किलोमीटर बदलून बघा, हे जरूर करा. वडिलांसारखं वर्षाला पाच हजार फिरणं असेल तर पेट्रोलचा फरक आठ वर्षांत एकावन्न हजारावर येतो आणि महिन्याचा एकूण फरक दीड हजार. वीस हजार फिरणं असेल तर नुसत्या पेट्रोलचाच दोन लाख.

अमेझची डिकी ४१६ लिटर, डिझायरची ३८२. अमेझचं इंजिन थांबलेलं असताना कळत पण नाही. हे वहीत कुठल्या ओळीत लिहायचं मला समजेना, म्हणून वही हिच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, अमेझ तुला आवडली आहे, ती महिन्याला दोन हजार शंभरने जास्त पडते, घ्यायची का? ती दोन मिनिटं बघत बसली आणि म्हणाली, "म्हणजे रोजचं एक लिटर दूध."

डिझायर आली. सिग्नलला थांबलं की तीन सिलिंडरची थरथर स्टिअरिंगवर येते, तेव्हा ती काही बोलत नाही, फक्त माझ्याकडे बघते. सहा महिने झाले, वहीत टाकी फुलचे दहा आकडे आहेत, सरासरी १७.६. मी अठरा धरले होते.